क्वांटम हल्ला झालाच, तर तो कोणावर?

एका नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागातल्या अधिकाऱ्यांनी विचारलं आहे: "एका व्हेंडरने आमच्या संचालक मंडळापुढे सादरीकरण केलं. दोन-तीन वर्षांत हॅकर क्वांटम संगणक वापरून नेटबँकिंग फोडणार, असं सांगून 'क्वांटम-प्रूफ' यंत्राचं कोटेशन ठेवून गेला. अध्यक्षसाहेब घाबरलेत आणि मला लेखी अभिप्राय द्यायचा आहे. खरंच असा हल्ला होण्याची शक्यता किती?"

आधी थेट उत्तर देतो. आजचं एन्क्रिप्शन फोडू शकेल असा क्वांटम संगणक २०३० च्या आत कोणाच्या हाती येण्याची शक्यता मी शंभरात एखादी धरतो. २०३५ पर्यंत एखाद्या बड्या सरकारच्या हाती तो असण्याची शक्यता तीनात एक. आणि तो आलाच, तर पहिल्या काही वर्षांत त्याचा मोर्चा तुमच्या बँकेकडे वळण्याची शक्यता इतकी कमी की अभिप्रायात तिच्यासाठी आकडा लिहू नका. हे अंदाज माझे आहेत, पण ज्या हिशेबावर ते बेतलेत तो तुम्हीही तपासू शकता. तो पुढे मांडतो.

यंत्रापासून सुरुवात करू. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक मोठ्या संख्येचे अवयव झटपट पाडू शकेल. आरएसए या एन्क्रिप्शनच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीची सगळी सुरक्षितता ते अवयव पाडणं अवघड असण्यावर उभी आहे. त्याच पद्धतीने इलिप्टिक कर्व्ह या दुसऱ्या गणितावरच्या चाव्याही पडतात. म्हणजे तत्त्वाला तीस वर्षांहून अधिक काळ झाला आणि त्यावर वाद नाही. वाद 'पुरेसा मोठा' म्हणजे किती, याचा आहे. २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो या संशोधकांनी हिशेब मांडला की २०४८ बिटची आरएसए चावी आठ तासांत काढायला सुमारे २ कोटी क्युबिट (क्वांटम संगणकाचे मूळ घटक, साध्या संगणकातल्या बिटसारखे) लागतील. मे २०२५ मध्ये त्याच गिडनींनी नवा हिशेब दिला: १० लाखांहून कमी क्युबिट, वेळ आठवड्याच्या आत. सहा वर्षांत गरज वीस पटीने खाली आली, आणि तीही हार्डवेअरला हात न लावता, नुसती आकडेमोड सुधारून. माझा तीनात एकचा अंदाज मुख्यतः या घसरणीमुळे आहे. नाहीतर मी तो आणखी खाली ठेवला असता.

आता समोरची यंत्रं पाहा. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या काँडॉर चिपवर १,१२१ क्युबिट होते. वर्षभराने आलेल्या गूगलच्या विलोवर फक्त १०५, तरीही जाणकारांनी विलोचंच जास्त कौतुक केलं. क्युबिट फार चुका करतात, म्हणून अनेक क्युबिट एकत्र बांधून त्यांचा एक भरवशाचा, 'लॉजिकल' क्युबिट करावा लागतो. बांधणी वाढवत नेली तर चुका खरोखर कमी होत जातात, हे विलोने प्रत्यक्ष करून दाखवलं. त्यामुळे व्हेंडर 'हजार क्युबिट' म्हणाला की त्याला विचारायचं, लॉजिकल किती? गिडनींच्या २०२५ च्या हिशेबात सुमारे १,४०० लॉजिकल क्युबिट आणि साडेसहाशे कोटींच्या घरातल्या क्रिया लागतात. आयबीएमचं २०२९ साठीचं जाहीर उद्दिष्ट २०० लॉजिकल क्युबिट आणि १० कोटी क्रियांचं आहे. म्हणजे कंपनीने स्वतःच जाहीर केलेलं वेळापत्रक तंतोतंत पाळलं तरी २०२९ मध्ये चावी निघत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झालेत आणि त्याचं आठ वर्षांचं लक्ष्य ५० ते १,००० भौतिक क्युबिट असं आहे. पुण्यातल्या डीआरडीओच्या क्वांटम प्रयोगशाळेने मुंबईच्या टीआयएफआरबरोबर तयार केलेला प्रोसेसर सहा क्युबिटचा होता. काम चोख आहे, पण त्याने कोणाची तिजोरी उघडत नाही.

मथळ्यांबद्दलही थोडं, कारण संचालकांनी ते वाचलेले असतात. २०२४ च्या ऑक्टोबरात 'चिनी संशोधकांनी लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन फोडलं' अशा बातम्या सगळीकडे फिरल्या. प्रत्यक्षात डी-वेव्ह कंपनीच्या क्वांटम यंत्रावर २२ बिटच्या एका संख्येचे अवयव पाडले होते. २२ बिट म्हणजे सात आकडी संख्या. तुमच्या खिशातला मोबाइल ती निमिषात सोडवतो. साध्या संगणकांनी २०२० मध्येच ८२९ बिटपर्यंत मजल मारली आहे. त्या मथळ्याची कात्रणं कोणी टेबलावर ठेवली, तर ही दोन वाक्यं पुढे करा.

आता समजा, उद्या ते दहा लाख क्युबिटचं यंत्र उभं राहिलं. आठवड्याला एक चावी, म्हणजे वर्षाला पन्नासेक. यंत्राची किंमत हजारो कोटींत, चालवायला शास्त्रज्ञांची फौज, आणि मालक एखादं सरकार किंवा चार-दोन महाकाय कंपन्या. हॅकरने ते क्लाउडवर भाड्याने घ्यावं, असंही कोणी सुचवेल. पण क्लाउडवाल्याला त्याच्या यंत्रावर कोणतं सर्किट चाललंय ते दिसतं, आणि सलग आठवडाभर शोरची आकडेमोड लपून राहत नाही. मग वर्षाच्या त्या पन्नास चाव्यांत तुमच्या बँकेची चावी बसते का, हे मालकाच्या जागी बसून विचारा. मी त्या जागी असतो तर तुमचं नावही घेतलं नसतं. राग मानू नका.

कारण बँक लुटायला एन्क्रिप्शन फोडावं लागत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तुम्हाला माहीत असेलच. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी बँकेच्या एटीएम स्विचच्या, म्हणजे एटीएमवरून आलेली विनंती बँकेकडे पोहोचवणाऱ्या, यंत्रणेत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) घुसवून मध्येच एक खोटा स्विच उभा केला. क्लोन केलेल्या कार्डांवरून येणारी विनंती खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या खऱ्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचतच नव्हती, खोटा स्विच परस्पर 'मंजूर' म्हणत होता. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत ८० कोटींहून अधिक रक्कम निघाली. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. यात एकही चावी कोणी गणिताने काढली नाही. एन्क्रिप्शन शेवटपर्यंत ठणठणीत होतं, फक्त 'हो' म्हणणारा बदलला होता. असा रस्ता जोवर उघडा आहे, तोवर पैशासाठी आलेला चोर क्वांटमच्या वाटेला जाणार नाही. संचालकांना घाबरायचंच असेल, तर स्विच आणि कोअर बँकिंगचा ताळमेळ दर किती मिनिटांनी लागतो, सुट्टीच्या दिवशी तो कोण पाहतो, यावर घाबरू द्या.

मग क्वांटमची भीती निव्वळ बाजारगप्पा का? तसं नाही. पण ती कशी दिसेल हे समजायला कॉसमॉसऐवजी २०१२ चं फ्लेम प्रकरण पाहायला हवं. या विषयावर मला कोणी एकच उदाहरण मागितलं तर मी हेच देतो.

मे २०१२ मध्ये इराण आणि मध्यपूर्वेतल्या संगणकांवर फ्लेम नावाचं हेरगिरीचं मालवेअर सापडलं. ते पसरत कसं होतं? विंडोज अपडेट म्हणून. संगणक अपडेट मागायचा, त्याच नेटवर्कवरचा आधीच बाधित झालेला दुसरा संगणक मध्ये घुसून स्वतःची फाइल द्यायचा, आणि त्या फाइलवर मायक्रोसॉफ्टपर्यंत जाणारी वैध डिजिटल सही असायची. सही चोरलेली नव्हती, गणिताने बनवलेली होती. अशा सहीसाठी आधी फाइलचा छोटा गणिती ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. एमडी५ हे हॅश कमकुवत असल्याचं २००४ मध्येच जाहीर झालं होतं. डिसेंबर २००८ मध्ये संशोधकांनी दोनशेच्या आसपास प्लेस्टेशन जोडून त्या कमकुवतपणातून खोटं प्रमाणपत्र बनवून दाखवलं होतं. जगाने एमडी५ सोडायला घेतलं. पण मायक्रोसॉफ्टच्या टर्मिनल सर्व्हरच्या परवाना देणाऱ्या एका आडबाजूच्या सेवेत ते तसंच राहिलं होतं, आणि हल्लेखोर नेमके तिथून आत आले. ॲमस्टरडॅमचे संशोधक मार्क स्टीव्हन्स यांनी त्या सहीची चिरफाड केली, तेव्हा कळलं की वापरलेली पद्धत तोवर जाहीर झालेल्या कोणत्याही पद्धतीपेक्षा वेगळी होती. म्हणजे कोणीतरी बंद दाराआड स्वतःचे गणितज्ञ बसवून ती तयार केली होती.

गणिताने एन्क्रिप्शन किंवा सही फोडणारा हल्ला असा असतो. मागे एखादं सरकार, लक्ष्य निवडक, आणि घाव घातलेला असतो सहीवर. क्वांटम संगणक पहिल्यांदा हल्ल्यात वापरला जाईल तेव्हा तोही याच वळणाचा असेल, असं माझं ठाम मत आहे. सहीवरच का, तर एक चावी काढण्यात सगळ्यात जास्त वसुली तिथे आहे. एखाद्या कंपनीची फर्मवेअरवर (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरवर) सही करणारी चावी मिळाली की त्या कंपनीचा जगातला प्रत्येक राउटर तुमचं ऐकतो. तिची पब्लिक की, म्हणजे सही तपासणारी जोडचावी, तर प्रत्येक उपकरणात उघडीच असते, चोरावी लागत नाही. शिवाय अनेक उपकरणांत ती कारखान्यातच कोरलेली असते, नंतर बदलता येत नाही. आज बसवलेला राउटर किंवा एटीएम दहा-बारा वर्षं चालतो. वर ज्या २०३५ चा उल्लेख केला, ते साल आज खरेदी होणाऱ्या यंत्रांच्या आयुष्यातच येतं.

दुसरा धोका म्हणजे आजची वाहती माहिती साठवून ठेवायची आणि यंत्र आल्यावर उघडायची. याची चर्चा फार होते, आणि ज्यांची गुपितं वीस वर्षं टिकायला हवीत त्यांच्यासाठी ती रास्त आहे. परराष्ट्र खातं, संरक्षण, जनुकीय आरोग्यनोंदी. बायोमेट्रिकही त्यात येतात: आधार पडताळणीच्या जाहीर तांत्रिक नियमावलीत बोटांचे ठसे एईएस-२५६ या पद्धतीने बंद करून त्यासाठी वापरलेली तात्पुरती चावी प्राधिकरणाच्या २०४८ बिटच्या आरएसए पब्लिक कीमध्ये गुंडाळली जाते. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. ती वाहतूक खासगी लाइनवरून जाते ही जमेची बाजू, पण आरएसएचं गुंडाळणं हा त्यातला दीर्घकालीन विचाराचा मुद्दा आहेच. तुमच्या बँकेचं काय? ओटीपी काही मिनिटांत मरतो. खातेदाराची २०२६ मधली शिल्लक २०३८ मध्ये वाचून कोणाचं काय भलं होणार? केवायसीची कागदपत्रं टिकाऊ आहेत खरी, पण शाखेतले लोक तीच कागदपत्रं व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवत असतील तर पुढच्या पंधरा वर्षांची चिंता जरा बाजूला ठेवा.

यात एक बारकावा आहे, तो व्हेंडर सांगत नाही कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. ब्राउझर आणि सर्व्हरमधली जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.२ मध्ये जुन्या पद्धतीची आरएसए की-एक्स्चेंज (चावी ठरवण्याची रीत) चालू असेल, तर सर्व्हरची एकच चावी काढून वर्षानुवर्षांची साठवलेली सगळी वाहतूक उघडते. ईसीडीएचई ही इलिप्टिक कर्व्हवरची रीत वापरत असाल तर प्रत्येक जोडणीची चावी वेगळी, म्हणजे हल्लेखोराला प्रत्येकीसाठी यंत्र नव्याने जुंपावं लागेल. फुटतात दोन्ही, उलट इलिप्टिक कर्व्हला क्युबिट कमीच लागतात. पण पहिल्यात एका मेहनतीत सगळं मिळतं आणि दुसऱ्यात एकेक चिठ्ठी. जुनी पद्धत बंद करायला लोड बॅलन्सरवर, म्हणजे सर्व्हरपुढे वाहतूक वाटणाऱ्या यंत्रावर, एक ओळ बदलावी लागते. खर्च शून्य. सहकारी बँकांच्या तपासणीत मला ती चालू सापडते, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: कुठलं तरी जुनं ॲप बंद पडेल अशी धास्ती.

कार्ड आणि एटीएमच्या व्यवहारांबद्दल मात्र क्वांटमपुरतं निर्धास्त राहा. पिन ब्लॉक (बंद करून पाठवलेला पिन), कार्डचा ऑनलाइन क्रिप्टोग्राम (व्यवहारावरचा कार्डचा गणिती ठसा) हे सगळं ट्रिपल-डीईएस किंवा एईएस, म्हणजे सममित (दोन्ही बाजूंना एकच असलेल्या) चाव्यांवर चालतं, आणि शोरची पद्धत तिथे लागूच पडत नाही. तिथे लागू पडते लव्ह ग्रोव्हर यांची १९९६ ची पद्धत, आणि ती फार तर चावीचे बिट निम्म्यावर आणते. एईएस-१२८ साठी दोनचा चौसष्टावा घात इतक्या पायऱ्या, त्याही एकामागून एक. एका पायरीला एक मायक्रोसेकंद लागतो असं गृहीत धरलं, जे फार उदार आहे, तरी पाच लाख ऐंशी हजार वर्षांच्या पुढे जातं. एईएस-२५६ चा तर विषयच सोडा.

आता उपायाकडे. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ ला तीन नवी मानकं जाहीर केली: चावी ठरवण्यासाठी एमएल-केईएम, सहीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. ही साध्या संगणकावर चालतात, वेगळं यंत्र लागत नाही. त्यातलं पहिलं तुम्ही कदाचित आजच वापरताय. क्रोमने एप्रिल २०२४ पासून डेस्कटॉपवर संकरित (जुनी आणि नवी एकत्र) पद्धत आपणहून सुरू केली, सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएच १०.० मध्ये ती मूळ निवडच आहे, ओपनएसएसएल ३.५ या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत तिन्ही मानकं आहेत. क्रोममध्ये एफ१२ दाबून सुरक्षिततेचा रकाना उघडा. की-एक्स्चेंजच्या ओळीत 'एक्स२५५१९एमएलकेईएम७६८' दिसलं तर ती जोडणी क्वांटमपुढे टिकणारी आहे. आधी एखाद्या मोठ्या संकेतस्थळावर पाहा, मग स्वतःच्या नेटबँकिंगवर.

इथे एक गोष्ट हमखास आडवी येते, ती आकाराची. जुन्या एक्स२५५१९ पद्धतीची पब्लिक की ३२ बाइटची, एमएल-केईएम-७६८ ची १,१८४ बाइटची. त्यामुळे ब्राउझरचा पहिलाच संदेश एका पॅकेटात मावत नाही, दोन होतात. एका बँकेत क्रोम अपडेट झाल्यावर अंतर्गत पोर्टल काही संगणकांवर उघडेना. फायरफॉक्सवर चालायचं, क्रोमवर फिरत राहायचं. नेटवर्कवाले सर्व्हरवाल्यांकडे बोट दाखवत होते आणि सर्व्हरवाले अँटीव्हायरसकडे. पॅकेट पकडून पाहिल्यावर कळलं: मधलं जुनं तपासणी-उपकरण पहिला संदेश एकाच पॅकेटात येणार असं गृहीत धरून लिहिलेलं, दुसऱ्या तुकड्याची वाट न पाहता जोडणी तोडत होतं. फर्मवेअर अपडेट केल्यावर प्रश्न मिटला. पण त्या मधल्या काळात कोणीतरी सगळ्या संगणकांवर धोरण लावून क्रोममधली नवी पद्धतच बंद करून टाकली होती, आणि नंतर ती परत चालू करायची कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. क्वांटमची तयारी म्हणजे बव्हंशी असली कामं आहेत. सह्यांच्या बाबतीत ती आणखी वाढतील, कारण २५६ बाइटच्या आरएसए सहीच्या जागी एमएल-डीएसए-६५ ची ३,३०९ बाइटची सही येते.

संकरित पद्धतीचा आग्रह मी धरतो. नवी मानकं चांगली तावून-सुलाखून आली आहेत, पण ती निवडणाऱ्या निस्टच्या स्पर्धेच्या चौथ्या फेरीपर्यंत पोहोचलेली साईक नावाची पद्धत २०२२ मध्ये एका साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर तासाभरात फुटली. क्वांटम संगणकापासून वाचवायला काढलेली पद्धत साध्या संगणकाने पाडली. दोन्ही एकत्र असतील तर एक पडली तरी दुसरी उभी राहते.

तुमच्या व्हेंडरचं यंत्र क्वांटम की डिस्ट्रिब्युशनचं (प्रकाशकणांवरून चावी पोहोचवण्याचं) असेल, तर विनम्र नकार द्या. त्यातलं भौतिकशास्त्र खरं आहे, पण त्याला स्वतंत्र फायबर लागतो, पलीकडे नेमकं कोण आहे हे ओळखण्यासाठी सही लागतेच, आणि अमेरिकेची एनएसए व ब्रिटनची एनसीएससी या दोन्ही सुरक्षासंस्था आपल्या सरकारी वापरासाठी त्याची शिफारस करत नाहीत. नागरी बँकेला नाकापेक्षा मोती जड होईल.

अभिप्रायात काय लिहावं? पहिलं काम यादीचं. कुठे कोणतं प्रमाणपत्र, कोणती चावी, कोणती लायब्ररी, कोण बदलू शकतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत यालाच सीबॉम (क्रिप्टोग्राफीच्या घटकांची यादी) म्हटलंय. तुम्हाला ते शून्यातून करायचं नाही: २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' या नव्या वेबपत्त्यावर स्थलांतर करताना प्रमाणपत्रांची एक्सेल कोणीतरी बनवली असणार, ती शोधा. प्रमाणपत्रांचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करा. मार्च २०२९ पासून जाहीर टीएलएस प्रमाणपत्रांची मुदत ४७ दिवसांवर येणार आहे, त्यामुळे हे काम क्वांटम आलं नाही तरी गळ्यात आहेच. वेळापत्रकाची घाई नाही. निस्टच्या मसुद्यात २०४८ बिटचं आरएसए २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर बंद, ब्रिटनचाही शेवटचा टप्पा २०३५ चाच. पण आज घेतलेली प्रत्येक वस्तू त्या तारखांच्या पलीकडे चालणार आहे, म्हणून खरा जोर खरेदीच्या अटींवर द्या.

आणि त्या व्हेंडरला परत बोलावून तीन गोष्टी लेखी मागा. यंत्र निस्टच्या तीनपैकी कोणतं मानक वापरतं, आणि संकरित पद्धतीने वापरतं का? आमच्या मधल्या जुन्या उपकरणांतून ती जोडणी प्रत्यक्ष चालते याची चाचणी तुम्ही आमच्या जागेवर करून द्याल का? आणि तुमच्या स्वतःच्या फर्मवेअर अपडेटवरची सही कोणत्या पद्धतीची आहे, ती तपासणारी चावी जागेवर बदलता येते का? 'क्वांटम-प्रूफ' पेटीचं स्वतःचं अपडेट आरएसएने सही केलेलं, असं मी पाहिलेलं आहे. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी "टेक्निकल टीमला विचारून कळवतो" असं उत्तर येतं. ते कळवेपर्यंत कोटेशन फाइलमध्ये राहू द्या आणि त्या पैशातून शनिवार-रविवारी स्विचचा ताळमेळ पाहायला माणूस नेमा.